नवा मजकूर जुन्या फॉन्टात जुळवणं आता थांबवायला हवं. पटतंय का?

टाकबोरू

हल्ली रात्री बसून देवनागरीचे मोफत फॉन्ट धुंडाळतोय. हाती लागलं ते आधी सांगतो, भांडणाचा मुद्दा नंतर.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या गटाचे मुक्ता आणि बलू बहुतेकांना माहीत असतील. त्यांचाच 'अनेक' २०२२ मध्ये आला. त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही हवी तशी सरकवता येते, आणि रोमन धरून दहा लिप्यांत तो आहे. 'मोदक' नावाला जागतो. इतका गुबगुबीत की अक्षराच्या पोटात जेमतेम फट उरते, मथळ्यापलीकडे वापरू नका. 'यात्रा वन' मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय. आणि पुस्तकाच्या मजकुरासाठी माझा सगळ्यात आवडता, 'तिरो देवनागरी मराठी'. हिंदी, संस्कृत आणि मराठी अशा त्याच्या तीन वेगळ्या आवृत्त्या आहेत, त्यामुळे मराठीत ल आणि श आपल्या वळणाचे येतात, काही खटपट न करता. हे सगळे खुल्या परवान्याचे. पुस्तक छापा, फलक करा, टी-शर्ट विका, कोणी पैसे मागायला येत नाही. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही.

आता मुद्दा. परवा एका दिवाळी अंकाच्या पीडीएफमध्ये एका लेखिकेचं नाव शोधलं. अनुक्रमणिकेत नाव डोळ्यांना दिसतंय आणि शोध म्हणतो, सापडलं नाही. ओळ कॉपी करून बघितली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. कारण अंक जुन्या सांकेतिक फॉन्टात लावलेला. त्यात संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. रोमन अक्षरांच्या जागांवर काना, वेलांटी, अर्धे तुकडे बसवलेले असतात, आणि कोणता तुकडा कुठं हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ची. र. कृ. जोशींनी केलेला मंगल हा युनिकोड फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला. एवढा काळ लोटल्यावरही आज टाइप होणारा मजकूर या जुन्या पद्धतीनं का लागतो? जुन्या साठ्याचं राहू द्या. नवा तरी युनिकोडमध्येच लावावा, असं माझं म्हणणं आहे.

पानजुळणी

असहमत. मी डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम करते, तेही दर पानामागे पैसे घेऊन.

शासनाची मराठी टायपिंगची परीक्षा देऊन बोटं जिथं बसली तिथंच ती पळतात. मराठी टाइपरायटरच्या कळांची मांडणी आणि हिंदी रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी एक नाही. युनिकोडला रेमिंग्टन मिळतं असं कोणी सांगितलं की आधी विचारा, कुठलं? शिवाय जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाला एवढाही फरक अडखळायला पुरतो.

आणि जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये फिरवणाऱ्या कन्व्हर्टरचं नाव काढू नका. मजकूर फिरवला की दुसऱ्या, तऱ्हा, सुऱ्या यातला र बिघडतो, अवतरणचिन्हं उलटी होतात, आकडे इंग्रजी होतात. एकदा वाचून झालेलं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. त्या दुसऱ्या प्रुफाचे पैसे कुठल्याही प्रकाशकानं मला आजवर दिलेले नाहीत. फॉन्ट मोफत आहे हो, मी नाही.

रविवारचा वाचक

मला एक कळत नाही. दिवाळी अंकात शोधायचंय कशाला? विकत घ्यायचा, वाचायचा, शेजाऱ्याला द्यायचा. आणि एका छोट्या प्रकाशकानं मला तोंडावर सांगितलंय की मजकूर कॉपी होत नाही हेच बरं, निदान कोणी उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या नावानं फिरवत तरी नाही. त्याचं अगदीच चूक आहे का?

टाकबोरू

@रविवारचा वाचक, उचलणारा पानाचा फोटो काढतो. त्याला कुठला फॉन्ट अडवणार? अडतो तो अभ्यासक, ज्याला वीस वर्षांनी एखाद्या लेखिकेच्या कथा कुठंकुठं आल्या होत्या ते शोधायचं असतं. ग्रंथालयं अंक स्कॅन करून ठेवतात हे चांगलंच. पण जो मजकूर जन्मालाच संगणकावर आला त्याचा आधी कागद करायचा आणि मग कागदाचा फोटो काढून अक्षरं ओळखत बसायचं, यात कुठली बचत?

शाईचा डाग

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत. मी मुखपृष्ठं आणि पुस्तकाची आतली मांडणी करतो.

'युनिकोड तुटतं' ही तक्रार मी रोज ऐकतो. त्यातल्या बहुतेक तक्रारी फॉन्टच्या नसून सॉफ्टवेअरच्या एका खुणेच्या असतात. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय लावला नाही तर वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लटकते, जोडाक्षरं सुटी पडतात. ही सोय २०१२च्या सीएस६ आवृत्तीपासून आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही अक्षरांच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागायचा. तो एकदा निवडला की झालं. हे कोणी शिकवत नाही, म्हणून लोक वैतागून जुन्या फॉन्टकडे वळतात. फ्लेक्सवाल्याकडे कोरलड्रॉची कुठली तरी पुरातन आवृत्ती असते, तिथं मी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार करूनच फाइल देतो. वाद मिटला.

पण पानजुळणी यांच्या बाजूनंही एक सांगतो, जे टाकबोरूंच्या यादीत आलं नाही. मोफत फॉन्टांपैकी कितीतरी आधी पडद्यासाठी घडलेत. मुक्ताच्या ओळींत आपोआप जे अंतर पडतं ते फोनवर छान, कादंबरीच्या पानावर भोंगळ. जुन्या फॉन्टांच्या मात्रा-उकार आखूड ठेवलेले असतात, ओळी जवळ बसतात, आणि वाचकाचा डोळाही त्याच वळणाला सरावलाय. 'मराठी पुस्तकासारखं दिसत नाही' असं लेखक म्हणतो तेव्हा तो अडाणी नसतो. त्याला फरक दिसतो, सांगता येत नाही एवढंच.

अर्धा र

युनिकोड म्हणजे शोध बिनबोभाट चालतो, हाही गोड गैरसमज आहे. 'दुसऱ्या' दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एकात नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या र चा पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. तीच गत ॲ ची. त्याला स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीची सवय असलेले आजही अ वर चंद्र चिकटवतात. आणि युनिकोडमध्ये लावलेल्या पुस्तकाची पीडीएफ केली तरी कॉपी करताना वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, ते वेगळंच.

टाकबोरू

@अर्धा र, पीडीएफचं म्हणणं मान्य, तिथं घोळ होतो. पण दोन प्रकारचे ऱ्य एकदा शोधा-बदला करून एकसारखे होतात. जुन्या फॉन्टात आधी कुठल्या कंपनीचा कुठला संच वापरलाय ते हुडकायचं, मग त्याचा कन्व्हर्टर, मग पानजुळणी म्हणाल्या ते प्रूफ. दोन्ही अडचणी एका पंगतीत कशा बसवता?

@शाईचा डाग, मुक्ताबद्दल सहमत. म्हणून तर पुस्तकासाठी तिरो म्हटलं. तो मुळात छापील पुस्तकांसाठी घडलेल्या अक्षरांवरून आलाय.

कानानं वाचणारा

मी हा धागा एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून ऐकतोय. युनिकोडमधलं मराठी ते वाचतं. उच्चार यांत्रिक आहेत, पण समजतं. जुन्या फॉन्टातली पीडीएफ उघडली की रोमन अक्षरं आणि टिंब-स्वल्पविराम ऐकू येतात, पानभर. 'शोधायचंय कशाला' हा प्रश्न ज्यांना पडला त्यांच्यासाठी लिहिलं. मला शोधायचं नाहीये, नुसतं वाचायचंय.

रविवारचा वाचक

ही बाजू माझ्या डोक्यात आलीच नव्हती. प्रकाशकाच्या भीतीचं मात्र काय करायचं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. फोटो काढणं आणि अख्खा लेख दोन सेकंदांत उचलणं यात फरक आहेच.

पाकळीचा ल

थोडं अवांतर. मोफत फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे येतात म्हणून माझ्या एका संपादक मित्रानं युनिकोडच नाकारलं होतं. २००९च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितलाय, तो दाखवून भांडायचा. प्रत्यक्षात बऱ्याच फॉन्टात दोन्ही वळणं आत असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की ल आपोआप बदलतो. इनडिझाइनमध्ये आणि ब्राउझरमध्येही. अर्थात फॉन्ट करणाऱ्यानं ती सोय ठेवली असेल तर.

(मला स्वतःला दंडाचा, म्हणजे हिंदी वळणाचा ल वाईट दिसतो असं वाटत नाही. पण हे इथं बोलायची सोय नाही.)

पानजुळणी

मघाशी एक सांगायचं राहिलं, तुम्हाला गंमत वाटेल. आजकाल निम्म्याहून जास्त लेखक मजकूर युनिकोडमध्येच पाठवतात. फोनवर बोलून टाइप केलेला, मेलमधून, व्हॉट्सअ‍ॅपवरून. तो आम्ही उलटा फिरवून जुन्या फॉन्टात नेतो.

टाकबोरू

थांबा थांबा. म्हणजे मूळ मजकूर शोधता येतो, ऐकता येतो, आणि आपण खर्च करून ते बंद पाडतो? मग बोटांच्या सवयीचा मुद्दा कुठं उरला? टाइप तर लेखकानंच केलंय.

पानजुळणी

उरतो. प्रूफ-दुरुस्त्या मलाच टाइप कराव्या लागतात. अंकाचा साचा जुना, सदरांची शीर्षकं जुन्या फॉन्टात, जाहिराती गेल्या वर्षीच्याच, फक्त साल बदलायचं. दोन पद्धतींचे फॉन्ट एका पानावर आले की संपादक म्हणतात, हे पान वेगळं का दिसतंय? अंक लक्ष्मीपूजनाच्या आधी बाजारात हवा. सप्टेंबरात साचा कोण बदलतो?

बदल मार्चमध्ये करता येईल, नाही म्हणत नाही. पण मला दिसण्याचं नको, पानांचं सांगा. माझं १६० पानांचं पुस्तक तुमच्या तिरोमध्ये १७६ झालं तर सोळा पानांचा एक फॉर्म वाढला. कागद कोणाच्या खिशातून?

शाईचा डाग

हा प्रश्न बोलून सुटणार नाही, लावूनच बघावा लागेल. तिरो ११ पॉइंट, ओळीचं अंतर आपोआप न ठेवता १४वर बांधायचं, समास तुमचे. माझा अंदाज, फॉर्म वाढणार नाही, पण शेवटची कोरी पानं कदाचित भरतील. एक प्रकरण पाठवा, जुन्या पानाशेजारी ठेवून इथंच दाखवतो. मोजणी तुम्ही करा.

टाकबोरू

युनिकोडमध्ये फिरवलेला मजकूर मी तपासून देतो. त्या प्रकरणाचं दुसरं प्रूफ माझ्याकडे.

पानजुळणी

एका प्रकरणाचं! बरं, तेही नसे थोडके. फाइल पाठवते. पण ती पेजमेकर ७ या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची आहे, उघडेल का तुमच्याकडे?

शाईचा डाग

इनडिझाइन सीएस६ जपून ठेवलंय ते त्यासाठीच. त्यानंतरच्या इनडिझाइननं पेजमेकरच्या फाइली उघडणंच सोडून दिलं. आणि हो, सोबत फॉन्टचं नाव आणि आवृत्ती नक्की कळवा, नाहीतर कन्व्हर्टर कुठला लावायचा तेच कळणार नाही.

पानजुळणी

आवृत्ती बघावी लागेल. तो संगणक नेटला जोडलेला नाही.