१० गिगाबिटची लिंक भरली तरी अलार्म वाजत नाही

प्रश्न: एसएनएमपीने (नेटवर्क उपकरणांवर देखरेख ठेवण्याचा प्रोटोकॉल) दर ५ मिनिटांनी पोलिंग होतं, म्हणजे उपकरणातले आकडे वाचले जातात. लिंक तुडुंब असूनही आलेख सेकंदाला ११४ मेगाबिटच्या वर सरकत नाही, म्हणून अलार्मही वाजत नाही. का?

उत्तर १: लिंकवरून गेलेले बाइट मोजणारा ३२ बिटांचा काउंटर वाचला जातोय. ४.२९ अब्ज बाइटांनंतर तो शून्यावर येतो, म्हणजे १० गिगाबिटला साडेतीन सेकंदांत. दोन वाचनांच्या मधे काउंटरच्या कितीही फेऱ्या झाल्या तरी पोलर (आकडे वाचणारा प्रोग्रॅम) एकच धरतो. एक फेरी म्हणजे ३४.४ गिगाबिट; त्याला ३०० सेकंदांनी भागा, तुमचे ११४ मेगाबिट मिळतील! आयएफएचसीइनऑक्टेट्स आणि आयएफएचसीआउटऑक्टेट्स हे येणाऱ्या-जाणाऱ्या बाइटांचे ६४ बिटांचे काउंटर लावा.

उत्तर २: आधी एसएनएमपीचं व्हर्जन बघा. व्ही१ मध्ये ६४ बिटांचे काउंटर येतच नाहीत. व्ही२सी किंवा व्ही३ हवं.

उत्तर ३: थ्रेशोल्ड (अलार्म वाजवण्याची मर्यादा) टक्क्यांत असेल तर आयएफस्पीड, म्हणजे लिंकचा वेग सांगणारा आकडा, वापरणंही बंद करा, तो ४.२९ गिगाबिटला अडकतो. आयएफहायस्पीड घ्या; त्याचा आकडा मेगाबिटमध्ये असतो.