सायकल दुकानात टाकावी की घरी उघडावी? तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात माझी सायकल सर्व्हिसिंग होऊन आली. फ्रेम पुसलेली, चेनवर ताजं तेल, टायर काळेभोर. पाहून बरं वाटलं. परत येताना पहिल्याच चढाला उभं राहून पॅडल मारलं आणि मागचं चाक फ्रेमला घासायला लागलं. उतरून पाहिलं तर क्विक रिलीजचा (पान्ह्याशिवाय चाक काढता येतं त्या पकडीचा) दांडा नुसता दुमडून ठेवलेला, आवळलेला नव्हताच. हा दांडा बंद करताना अर्ध्यावर आल्यापासून जोर लागायला हवा आणि शेवटी तळहातावर त्याचा वळ उमटायला हवा. माझा एका बोटाने उघडला. मागचं चाक होतं म्हणून नुसतं तिरकं झालं. पुढचं असतं आणि उतार असता तर? त्या रात्री झोपेपर्यंत हेच डोक्यात होतं.

दुकानात परत गेलो. त्यांनी दांडा आवळला आणि "झालं" म्हणाले. चूक कोणाच्याही हातून होते, तिचा राग नाही आला. सायकल गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी कोणी दोन मिनिटं चालवून पाहिली नव्हती, याचा आला.

तेव्हापासून कुठलं काम घरी करायचं आणि कुठलं बाहेर द्यायचं हे मी ठरवतोय. त्यासाठी तुमच्याबाबतीत प्रत्यक्ष घडलेलं वाचायचंय. दुकानाने मन लावून काम करून दिलं असेल तर आवर्जून सांगा. बिघडवलं असेल तर नाव नको, काय बिघडलं आणि तुम्हाला ते कसं कळलं, तेवढं पुरे.

*

मी रोज कामावर सायकलने जाते. माझे गिअर दुकानातून तीन वेळा 'सेट' होऊन आले. स्टँडवर गरागरा फिरवून दाखवायचे, तेव्हा सगळं सुरळीत. रस्त्यावर जोर दिला की मधल्या दोन गिअरवर चेन उडी मारायची. तिसऱ्या वेळी केबलही नवी घातली, फरक शून्य.

एका संध्याकाळी मी सायकलच्या मागे जमिनीवर बसले आणि नुसती बघत राहिले. मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवतो त्या भागाला, दोन छोटी दातेरी चाकं असतात. ती चेन ज्या चकतीवर असेल तिच्या खाली सरळ रेषेत दिसायला हवीत. माझं खालचं चाक स्पोकच्या बाजूला झुकलेलं होतं. डिरेलर ज्याला लटकतो तो हँगरच वाकलेला. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे सायकल उजव्या अंगावर पडली तर तो वाकतो आणि फ्रेम वाचते. पार्किंगमध्ये कोणीतरी सायकल पाडून ठेवली होती, ते तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दुकानात गेले आणि "हँगर सरळ करून हवाय" एवढंच म्हणाले. त्या मुलाने डिरेलर काढला, त्या जागी लांब दांड्याचा गेज बसवला, रिमपासूनचं अंतर चार ठिकाणी मोजलं आणि हलक्या हाताने दांडा ओढला. दहा मिनिटं. मग सायकल घेऊन स्वतः एक चक्कर मारून आला. तेव्हापासून मी त्याच्याकडेच जाते. पहिल्या दुकानाबद्दल एकच सांगते: मी "गिअर नीट पडत नाहीत" म्हणायचे आणि ते स्क्रू फिरवायचे. कारण कोणी शोधलंच नाही.

*

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असणाऱ्यांनी हे नक्की वाचा. ब्रेकची लिव्हर मऊ पडली म्हणून सायकल ब्लीडिंगला (ब्रेकच्या तेलातली हवा काढायला) दिली. दोन दिवस झकास. मग दाबलेली लिव्हर सावकाश परत यायला लागली आणि दोन आठवड्यांत तर ती हँडलला चिकटूनच राहायला लागली. दुसऱ्या मेकॅनिकने उघडून दाखवलं, आतले रबरी सील फुगून बेढब झाले होते. माझ्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, घातलं होतं डॉट, म्हणजे दुसऱ्याच जातीचं ब्रेकचं तेल.

शिमानोचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. काही कंपन्या मोटारसायकलसारखं डॉट वापरतात, म्हणून दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात. एकाच्या जागी दुसरं गेलं तर सील संपले. कोणतं घालायचं ते बहुतेक लिव्हरवर किंवा तिच्या झाकणावर छापलेलं असतं. ते वाचायला पाच सेकंद लागतात. ती कोणी दिली नाहीत आणि माझे लिव्हर-कॅलिपर दोन्ही बदलावे लागले.

ब्लीडिंग मी अजूनही बाहेरच करून घेतो. फक्त सायकल देताना तो शब्द बोटाने दाखवतो आणि पावतीवर लिहून घेतो.

*

पंक्चर मात्र ज्याचं त्याने काढावं, असं माझं ठाम मत आहे. तीन दिवसांत दोनदा दुकानात काढलं आणि दोन्ही वेळा भोक त्याच जागी. तिसऱ्यांदा घरी टायर उतरवला. आतून जुनं मऊ कापड फिरवत गेले तर एका जागी ते अडकलं. केसाएवढी बारीक तार, बाहेरून दिसतही नव्हती. दोन्ही वेळा ट्यूबला पॅच लागला, टायर आतून कोणी तपासला नाही.

तेव्हापासून टायर बसवताना त्यावरचं नाव मी बरोबर व्हॉल्व्हसमोर ठेवते. ट्यूबमधलं भोक सापडलं की टायरमध्ये कुठे शोधायचं ते लगेच कळतं. आणि भोकं दोन असतील, सर्पदंशासारखी शेजारी शेजारी, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. किती हवा चालते ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं.

*

माझा अनुभव उलट्या बाजूचा. डाव्या पॅडलला उलटे आटे असतात हे मला माहीत नव्हतं. पॅडल सुटेना, म्हणून पान्ह्यात पाइप घालून मी सगळा भार दिला. म्हणजे सोडवत नव्हतो, आवळत होतो. शेवटी पॅडल निघालं ते क्रँकमधले (पॅडल ज्यात बसतं त्या दांड्यातले) आटे सोबत घेऊन. अॅल्युमिनियमचे चकचकीत तुकडे फरशीवर पडले आणि पोटात गोळा आला.

दुकानातल्या काकांनी क्रँक हातात घेतला, आत बोट फिरवलं आणि म्हणाले, "नवा घेऊ नका, उद्या या." त्यांनी भोक मोठं करून आत नव्या आट्यांची स्टीलची बाही बसवली. त्यावर मी हजारो किलोमीटर चाललोय. जाताना त्यांनी ग्रीसचं बोट पॅडलच्या आट्यांवर फिरवून दाखवलं आणि सांगितलं, हे दर वेळी. त्या माणसाने मला एका शब्दाने कमी लेखलं नाही, हे मी विसरणार नाही.

*

मी स्वतः दुरुस्तीचं दुकान चालवतो. आमच्या बाजूने थोडं लिहितो.

वर जे लिहिलंय ते खरं आहे. आवळायचं राहून जातं, चुकीचं तेल जातं. बहुतेक वेळा कारण एकच: काम एकाने केलं आणि तपासलं कोणीच नाही. हाताखालचा मुलगा शिकाऊ असतो, गिऱ्हाईक समोर घड्याळ बघत उभं असतं आणि मागे सात सायकली टेकवलेल्या असतात. ही सबब नाही, असं घडतं म्हणून सांगतोय. माझ्याकडे सायकल बाहेर जाताना मी स्वतः पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघतो, दोन्ही ब्रेक करकचून दाबतो, दोन्ही चाकांचे दांडे किंवा नट हाताने तपासतो आणि एक फेरी मारतो. जे दुकान हे करत नसेल तिथे तुम्हीच करा, दुकानाच्या दारातच. कोणाला राग आला तर येऊ द्या.

चेनबद्दल सगळ्यांत जास्त वाद होतात. "अजून चांगली आहे, बदलायला कशाला सांगता?" मी लोखंडी पट्टी काढतो. चेनची एक पिन ते पुढची पिन अर्धा इंच. म्हणजे २४ पिनांचं अंतर, नव्या चेनमध्ये, बरोबर १२ इंच भरतं. पट्टीचा शून्य एका पिनच्या मधोमध धरायचा आणि चोविसावी पुढची पिन कुठे येते ते बघायचं. १२ इंचाच्या पुढे एक सोळांश गेली की चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश गेली तर बहुतेकदा मागची कॅसेटही (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) खाल्लेली असते, नवी चेन तिच्यावर घसरते आणि खर्च वाढतो. गिऱ्हाइकाच्या हातात पट्टी दिली की वाद संपतो. जुना पार्टही मी पिशवीत घालून परत देतो, मागितला नाही तरी. जे दुकान जुना पार्ट दाखवायला टाळाटाळ करतं, तिथे तुम्ही विचारायला हवं.

आता घरी करणाऱ्यांसाठी. डिरेलरवरचे एच आणि एल हे दोन स्क्रू म्हणजे गिअर सुरळीत करायचे स्क्रू नव्हेत. चेनने दोन्ही टोकांना कुठे थांबायचं ते त्यांच्यावर ठरतं. एल ढिला झाला तर चेन सर्वांत मोठ्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये जाते. एका पोराची सायकल आणली होती, डिरेलर चाकात गुंडाळलेला, स्पोक तुटलेले. गिअर किंचित चुकत असतील तर केबलच्या टोकाला फिरवायची गोल कळ असते, ती अर्धा आटा फिरवून बघा, स्क्रूला हात लावू नका.

दुसरं, गिअरची आउटर केबल, म्हणजे तारेवरची बाहेरची नळी, ब्रेकला कधीही वापरू नका. दिसायला सारखीच. पण ब्रेकच्या आउटरमध्ये पट्टीचं गोल वेटोळं असतं आणि गिअरच्या आउटरमध्ये उभ्या तारा. करकचून ब्रेक दाबला की त्या उभ्या तारा फाटून बाहेर येऊ शकतात. घरात पडली होती म्हणून कोणीतरी लावतं आणि माझ्याकडे येतं तेव्हा मला घाम फुटतो.

हवा, पंक्चर, चेन पुसणं, ब्रेकचे गुटके बदलणं हे घरी जरूर करा. माझा धंदा त्याने बुडत नाही. घरी हात लावणाऱ्याची सायकल माझ्याकडे वेळेवर येते, मरायला टेकलेली नाही येत.

*

दुकानदार भाऊ, जुना पार्ट परत देता हे वाचून बरं वाटलं. माझी सायकल पॅडल मारताना कटकट आवाज करायची. दुकानात बॉटम ब्रॅकेट (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात ते खालचं बेअरिंग) गेला म्हणून सांगितलं. सोबत भाऊ आला होता. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं त्याला मिळत होती, ज्याला सायकलमधलं काही कळत नाही. मी सायकल उचलली आणि घरी आले.

मग एकेक करून बघितलं. बसून पॅडल मारलं की आवाज, उभं राहून मारलं की बंद. म्हणजे खाली नाही, बुडाखाली! सीटचा खांब बाहेर काढला. फ्रेमच्या आत वाळूचे कण आणि वाळलेल्या ग्रीसचा काळा थर. कापडाने पुसलं, नवं ग्रीस पातळ लावलं, खांबावर आधीच टेपने खूण केली होती त्या उंचीला परत आवळला. आवाज गेला. (खांब कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते, आणि आवळताना बोल्टजवळ लिहिलेल्या न्यूटन-मीटरच्या पुढे जाऊ नका.)

*

चाकाचा आऊट (फिरताना डावी-उजवीकडे डोलणं) काढायला मी स्वतः शिकलो, पण आधी एक चाक बिघडवून. रिम जिथे डावीकडे जाते तिथे उजवीकडचे स्पोक आवळायचे, एवढं वाचून सुरुवात केली आणि पूर्ण पूर्ण आटे दिले. चाक अंड्यासारखं झालं. दुकानात नेलं, त्यांनी आधी सगळे स्पोक सैल केले आणि मग एकेक पाव आटा देत तासभर बसले. मी शेजारी उभा राहून बघितलं. मधूनमधून ते स्पोक नखाने छेडून आवाज ऐकत होते. एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजायला हवेत.

पुढे शेल्डन ब्राउन यांनी चाकांवर लिहिलेलं वाचलं. हे अमेरिकन मेकॅनिक २००८ साली गेले, पण त्यांचं लिखाण अजून जगभरचे लोक उघडून बसतात. तरी वाचण्यापेक्षा तो तासभर जास्त कामी आला. बघू देणारं दुकान मिळालं तर सोडू नका.

*

माझं वय झालंय, हाताला आता जोर नाही. एके काळी दर वर्षी सगळी सायकल चादरीवर उतरवायचो. मागच्या एक्सलला पाव इंची छर्रे, दोन्ही बाजूंना नऊ-नऊ. पुढच्याला तीन सोळांश इंची, दहा-दहा. बशीत रॉकेल, त्यात छर्रे, आणि मुलं मोजायला. एकही घरंगळला तर सगळं घर शोधायला लागायचं.

एक परीक्षा सांगतो, कोणालाही करता येईल. पुढचं चाक जमिनीपासून उचला, व्हॉल्व्ह बाजूला आडवा आणा आणि हात सोडा. कोन, म्हणजे एक्सलवरचे छर्रे दाबून धरणारे निमुळते नट, नीट बसवले असतील तर व्हॉल्व्ह आपल्याच वजनाने खाली येतो आणि मागेपुढे झुलत थांबतो. चाक होतं तिथेच अडकून राहिलं तर कोन जास्त आवळलेत. आणि रिम धरून आडवी हलवल्यावर टकटक झालं तर ढिले. सर्व्हिसिंगहून आलेली सायकल मी अशीच तपासतो. दुकानातला मुलगा आता मला बघितलं की आधी स्वतःच चाक उचलून झुलवून दाखवतो.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं वाचलं आणि लगेच पार्किंगमध्ये जाऊन माझं पुढचं चाक उचललं. व्हॉल्व्ह आडवा आणून सोडला. जागचा हलला नाही.

रविवारी जुनी चादर अंथरली. चपटा पान्हा मित्राकडून आणला, कोन सोडवले आणि छर्रे चुंबकाने एकेक उचलून वाटीत ठेवले. उजवीकडून दहा. डावीकडून नऊ. पुन्हा मोजले, चादर झटकून बघितली, टॉर्च घेऊन फरशी पाहिली. नऊच. ग्रीस ताजं होतं, म्हणजे सर्व्हिसिंगमध्ये हे चाक उघडलं होतं आणि भरताना एक कमी गेला. कोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, त्यांना अजून खड्डे पडलेले नाहीत. वीस नवे छर्रे आणून भरले. कोन किती आवळायचा ते तीनदा चुकलं, चौथ्यांदा व्हॉल्व्ह खाली आला आणि झुलला.

मागचं चाक अजून उघडलेलं नाही. कॅसेट काढायचं हत्यार माझ्याकडे नाही. त्यासाठी हँगर सरळ करणाऱ्या मुलासारखा कोणीतरी शोधतोय, जो मला शेजारी उभं राहू देईल.