चांदोलीच्या कडेला पिल्लांची अस्वलीण. फोटो काढायचे तर कुठून?

सड्यावरचा_शिराळकर
मंडळी, मामांचं गाव शिराळा तालुक्यात, चांदोलीला अगदी खेटून. नाव मुद्दाम लिहीत नाही. वरच्या घळीतून एक अस्वलीण दोन पिल्लं पाठीवर घेऊन सकाळी उन्हं आली की उतरते, बांधावरची वारुळं उकरते आणि करवंदीच्या जाळीत शिरते, असं मामा सांगतात. माझ्याकडे ७०-३०० लेन्स आहे. मामा म्हणतात, "अस्वलाला धड दिसत नाही. वारं तोंडावर घेऊन गेलास तर पन्नास फुटांवर पोचशील." खरं का? की घळीच्या तोंडाशीच लपून बसू?

मिरजेचा_बॅटरीवाला
घळीकडं फिरकू नको भावा. बाकी हेळवाकच्या बाई येतील आणि सांगतील.

हेळवाकच्या_बाई
आले. मामांचं अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यानंच घात होतो. अस्वलाची नजर अधू, कानही बेताचे; नाक मात्र तिखट. तू वाऱ्याखालून चोरपावलांनी गेलास की तिचं तेवढं एक नाकही निकामी केलंस. मग पन्नास फुटांवर तुझी चाहूल लागते तेव्हा ती दचकते. पिल्लांना झाडावर चढवून मोकळं होणं तिच्या रीतीत नाही. बिबट्या असो, वाघ असो, ती अंगावरच जाते. तुला वेगळा न्याय कशाला देईल? आमच्याकडं करवंदाला निघालेल्या बायका उगाच मोठमोठ्यानं बोलत, दगडावर काठी आपटत जातात. त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

दिवसा दिसते याचंही नवल नको. पिल्लांची आई बरेचदा दिवसाच हिंडते, कारण रात्री बिबटे आणि मोठे नर फिरत असतात.

आणि घळ! पिल्लं बहुधा थंडीत होतात आणि पहिले दोन-अडीच महिने आतच असतात. बाहेर पडू लागल्यावरही आसरा तोच. तिथं तोंडाशी बसलास तर तिची घरची वाट अडवलीस. शिवाय पलीकडचं रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गार्डला न विचारता आत पाऊल टाकायचं नाही.

मग बघायचं कुठून? मी बघते ती ओढ्याच्या अलीकडून, गोठ्याच्या माळ्यावरून, दुर्बिणीनं. मध्ये ओढा आणि उघडी खाचरं. आधी ती नख्यांनी वारूळ फोडते, मग तोंड घालून फुंकर मारते आणि माती उडवते. त्यानंतर नाकपुड्या मिटून वाळवी अशी ओढते की वारा पडलेला असला तर तो आवाज शंभर मीटरच्या पुढंही येतो. वरचे मधले दोन दात तिला नसतातच, त्या फटीतून ओढायचं. आई उकरायला लागली की पिल्लं खाली उतरतात. एक नेहमी त्याच भोकात नाक घालतं, डोळ्यांत माती घेतं आणि पंजानं तोंड पुसत बसतं. तिनं हुंकार दिला की दोघं वर! खांद्यावरचे लांब केस धरायला मिळतात ते आधी पोचलेल्याला. दुसरं मागं ढुंगणावर लोंबकळतं. तिथून तुझ्या ३०० नं ती एवढीशी येईल. येऊ दे. घळ, बांध, जाळी सगळं फोटोत येईल, आणि दहा वर्षांनी तेच बघण्यासारखं असेल.

मिरजेचा_बॅटरीवाला
बाईंच्या पुढं फक्त कॅमेऱ्याचं बोलतो. लांबून, उजळ खडकावर काळं अस्वल लहानसं आलं तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर खडकाला भुलतो आणि अस्वलाचा डांबराचा गोळा होतो. तिथं एक्स्पोजर थोडं प्लस करायचं, म्हणजे फोटो उजळवायचा. तेच अस्वल फ्रेमभर आलं की उलट, मायनस. नाहीतर पांढुरकं थोबाड जळतं. आईचं तोंड आणि पाठीवरचं पिल्लू एका रेषेत नसतं, म्हणून उजेड असेल तर लेन्सचं छिद्र बारीक, एफ ८, म्हणजे दोन्ही स्पष्ट येतात.

जवळून हवेच असतील तर दरोजीला जा. हंपीजवळचं हे अभयारण्य १९९४ ला खास अस्वलांसाठी झालं. मिरजेहून हरिप्रिया एक्स्प्रेस थेट होसपेटला जाते. वनखातं खडकांवर गूळ-मधाचं मिश्रण लावतं, आणि दुपारनंतर मनोऱ्यावर बसलं की डोंगरातून अस्वलं उतरताना दिसतात, पिल्लांसकट. मला ते गुळाचं थोडं खटकतं, पण निदान माणूस मनोऱ्यावर आणि अस्वल खाली, दोघं आपापल्या जागी.

सड्यावरचा_शिराळकर
बाई, पटलं. मामांच्या बांधावर, त्यांच्याच सातबाऱ्यातल्या आंब्याला ट्रॅप कॅमेरा, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा, बांधला तर?

हेळवाकच्या_बाई
आधी गार्डच्या कानावर घाल. मग बांध, पण दुपारी, मामांना सोबत घेऊन, बोलत बोलत जा. गुडघ्याएवढ्या उंचीवर लाव, नाहीतर पिल्लं खालून निघून जातील आणि तुला नुसती आईची पाठ मिळेल. गूळ, मध, मासळी काहीही ठेवायचं नाही. आज बांधावर गूळ चाटला तर उद्या ती परसात येईल. कॅमेरा लोखंडी पेटीत घाल. माणसाच्या हाताचा वास लागला की अस्वलं त्याला चावून बघतात. आणि कार्ड काढायला रोज जाऊ नकोस.

सड्यावरचा_शिराळकर
गार्डसाहेबांशी बोललो, रविवारी तेच येतायत बांधावर. मामांना हा धागा वाचून दाखवला. पन्नास फुटांवर काही बोलले नाहीत. दरोजीला जेवणाची सोय कशी आहे, एवढंच विचारलं.

मिरजेचा_बॅटरीवाला
होसपेटला जेवून निघा म्हणावं. मनोऱ्यावर डबा उघडायचा नाही.