साथीच्या काळातील शाळेचे नियम: पालकांच्या लेखी सूचनांबाबत चर्चा

ए-४०२
सोसायटीतील सर्वांना नमस्कार. कोरोनासारखी श्वसनविकाराची साथ पुन्हा आलीच तर शाळेत कोणते नियम लागू करावेत, याचा मसुदा मुलांच्या शाळेने पालकांकडे पाठवला आहे आणि त्यावर लेखी सूचना मागवल्या आहेत. सर्व इयत्तांना मास्क, प्रवेशद्वारावर तापमान तपासणी, प्रत्येकाला स्वतंत्र बाक, वर्गातच बसून न बोलता डबा खाणे आणि मैदान बंद असे पाच नियम त्यात आहेत. वर्गातल्या हवेबद्दल मात्र एकही ओळ नाही. साथीत काळजी घ्यावीच लागते, याबद्दल माझा वाद नाही. परंतु त्या काळजीचा भार आधी इमारतीने आणि मोठ्यांनी उचलावा, आणि त्यानंतर जे उरेल तेवढेच मुलांवर टाकावे, असे मला मनापासून वाटते.

हे वाटण्यामागे घरचा अनुभव आहे. कोरोनाकाळात बंद पडलेल्या शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. काही आठवड्यांतच वारंवार सॅनिटायझर लावून तिच्या बोटांना भेगा पडल्या, आणि शाळेतून आल्यावर ती आजीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच थांबू लागली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “माझ्यामुळे आजीला काही झालं तर?” हे तिला कोणीही शिकवले नव्हते, आम्ही आणि शाळेने दिवसभर दिलेल्या सूचना एकमेकींना जोडून तिने स्वतःच तो अर्थ काढला होता. भेगा लवकर बुजल्या. आजीच्या कुशीत पूर्वीसारखी शिरायला तिला वर्ष लागले.

सी-१०१
तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटले. तरीही दुसरी बाजू मांडते. त्याच काळात आमच्या घरी यांची केमोथेरपी चालू होती आणि नातू शाळेत जात होता. वर्गातील इतर मुले मास्क लावत होती, म्हणूनच आम्ही त्याला शाळेत पाठवू शकलो. मास्कमुळे मुलांचे नुकसान झाले असे कोणी सरसकट म्हणाले की मला आमचे ते दिवस आठवतात.

ए-४०२
काकू, तुमचे म्हणणे रास्त आहे आणि सूचनापत्रात ते यायलाच हवे. मास्क नकोच, असे मी म्हणत नाही. वयाचा विचार व्हावा, एवढेच म्हणतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नसावी, ६ ते ११ वर्षांच्या मुलांबाबत स्थानिक प्रादुर्भाव आणि घरातील जोखीम पाहून निर्णय घ्यावा, आणि १२ वर्षांपुढच्यांना मोठ्यांचेच नियम लावावेत. खेळताना, धावताना मास्क नसावा, हेही त्यात होते. आपल्या मसुद्यात बालवर्ग आणि दहावी यांना एकच नियम लावला आहे.

बी-२०३
मी प्राथमिक वर्गांना शिकवते, म्हणून थोडे लिहिते. मास्कमुळे मुलांना चेहरा वाचताच येत नाही, ही भीती अतिरंजित होती. ७ ते १३ वर्षांच्या मुलांवरील २०२० मधील एका अभ्यासात झाकलेल्या चेहऱ्यावरील भावना ओळखताना मुले अधिक चुकली, तरी निव्वळ अंदाजापेक्षा त्यांची उत्तरे चांगली होती. खरी अडचण अक्षरओळखीच्या वर्गात आली. ‘म’ आणि ‘न’ कानाला जवळचे वाटतात. ओठ मिटले की नाही हे पाहून लहान मूल त्यांतला फरक पकडते, आणि माझेच ओठ झाकलेले होते. ज्या मुलांना कमी ऐकू येते, त्यांचे तर फारच हाल झाले.

परंतु मला सर्वांत जड गेला तो न बोलता डबा खाण्याचा नियम. मधल्या सुट्टीतच मुलांची भांडणे मिटतात, नवे मूल गटात सामावले जाते, आणि घरी काही बिनसले असेल तर ते शेजारच्या मित्राला आधी कळते. ती अर्ध्या तासाची शांतता राखण्यासाठी मी वर्गात फिरत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

डी-६०१
एवढ्या अटी घालून शाळा भरवण्यापेक्षा साथ ओसरेपर्यंत ऑनलाइन वर्ग घेणे अधिक सुरक्षित नाही का?

ए-४०२
काका, या पर्यायाची किंमत जगाने मोजली आहे. एप्रिल २०२० मध्ये सुमारे १६० कोटी विद्यार्थी शाळेबाहेर होते. नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम ८ आठवडे बंद होत्या आणि घरोघरी इंटरनेट होते. तरीही प्राथमिक शाळेतील मुलांचे शिकणे वर्षाच्या सुमारे पाचव्या हिश्शाने मागे पडल्याचे आढळले, आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान त्याहून अधिक होते. जगभरातील २९ अभ्यासांतील सुमारे ८१,००० मुलांची माहिती २०२१ मध्ये एकत्र तपासली गेली, तेव्हा चौघांपैकी एकात नैराश्याची आणि पाचांपैकी एकात चिंतेची लक्षणीय लक्षणे दिसली. याला केवळ बंद शाळा कारणीभूत होत्या असे म्हणता येणार नाही. घरातील आजारपणे, मृत्यू, गेलेल्या नोकऱ्या हे सारे त्यात मिसळलेले आहे. तरी शाळा उघडी ठेवणारा नियम हा मुलांच्या मनाच्याही बाजूचा असतो, हे मला यातून पटले.

म्हणूनच हवेचा मुद्दा मी पुन्हा मांडतो. कोरोनाचा विषाणू बंद खोलीत हवेतून पसरतो, हे २०२१ पर्यंत स्पष्ट झाले होते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो. भरलेल्या बंद वर्गात तो २,००० च्या पुढे सहज जातो. याचा अर्थ मुले एकमेकांची उच्छ्वासाची हवाच पुन्हा आत घेत असतात. तो ८०० ते १,००० च्या आत ठेवायला समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, आणि ते शक्य नसेल तेथे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. हवा गाळणाऱ्या यंत्राने हा आकडा कमी होत नाही, पण हवेतले विषाणूचे कण कमी होतात, म्हणून तेही जोडीला असावे. वर्गात एक साधा मापक लावला तर मुले स्वतःच आकडा पाहून खिडकी उघडतील. या उपायाने कोणाचा चेहरा झाकला जात नाही, कोणाला गप्प बसावे लागत नाही. डेन्मार्कने एप्रिल २०२० च्या मध्यात लहान मुलांच्या शाळा उघडल्या, तेव्हा अनेक वर्ग उघड्यावर भरवले होते. आपला मसुदा मात्र मैदानच बंद करतो, म्हणजे शाळेतील सर्वांत सुरक्षित जागेलाच कुलूप लावतो.

बी-२०३
तापमान तपासणीबद्दलही लिहावे. लक्षणे दिसण्याआधीच संसर्ग पसरतो, त्यामुळे तिचा उपयोग मर्यादित आहे. उन्हातून धावत आलेले मूल रांगेतून सर्वांदेखत बाजूला काढले जाते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते मी पाहिले आहे.

ए-४०२
हे घेतो. सूचनापत्रात पुढील मजकूर घालत आहे: आधी वायुवीजन, मग इतर उपाय, मास्क वयानुसार आणि प्रादुर्भाव असेपर्यंतच, मैदान खुले, डबा शक्य तेव्हा बाहेर, गप्पांसह, प्रत्येक नियमाचा दर १५ दिवसांनी फेरविचार आणि त्याचे कारण मुलांना त्यांच्या भाषेत सांगणे.

सी-१०१
आणखी एक वाक्य घालावे: नियम शिथिल झाल्यावरही घरातील आजारपणामुळे एखादे मूल मास्क लावून आले, तर त्याला कोणी चिडवणार नाही, याची जबाबदारी वर्गशिक्षकांची असेल. एवढे असल्यास माझी आणि यांची सही धरावी.

ए-४०२
काकू, ते वाक्य सर्वांत वर घातले आहे. सुधारित मसुदा रात्रीपर्यंत येथे पाठवतो.