आधी सूट, मग प्रतिकार

'इम्युनिटी' हा मुळात वैद्यकीय शब्द, कायद्याने तो उसना घेतला, असं काही जण म्हणतात. क्रम उलटा आहे. लॅटिन 'म्युनस' म्हणजे सार्वजनिक कर्तव्य; त्यातून सुटलेला तो 'इम्युनिस'. रोमन सैन्यात कष्टाच्या कामांतून सूट मिळालेल्या कारागीर सैनिकांनाही हेच नाव होतं. (थोडक्यात, खड्डे खणायला नकोत!) वैद्यकात तो रुळला 19व्या शतकात.

मराठीत पंचाईत अशी, की 'प्रतिकारशक्ती'त लढाई आहे, मूळ शब्दात नुसती सूट. म्हणून राजदूताला मिळणाऱ्या कायदेशीर 'इम्युनिटी'ला 'प्रतिकारशक्ती' हा शब्द शोभत नाही. 1961च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशात त्याच्यावर फौजदारी खटला चालत नाही. पण त्याचा स्वतःचा देश हे संरक्षण काढून घेऊ शकतो. शरीरातलं असं कुणी काढून घेत नाही. एक अपवाद गोवराचा, तो आधी कमावलेली बरीच प्रतिकारशक्ती पुसून टाकू शकतो.