मदत हवी आहे : मित्रांच्या सामायिक यादीत एकाची टिक दुसऱ्यामुळे पुसली जाते

वेबचं काम रोजचं आहे, मोबाइल अ‍ॅप मात्र पहिल्यांदाच करतोय. म्हटलं, सुरुवातीला सोपं काहीतरी घ्यावं: मित्रांमध्ये मिळून वापरायची कामांची यादी. एकाने लिहायचं, कोणीही उचलायचं, झालं की टिक. सोपं कसलं! दोन महिने रेटतोय.

फ्लटर (अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) आणि फायरस्टोअर (गूगलच्या फायरबेसमधला ऑनलाइन डेटाबेस) वापरलंय. लॉगिन, यादी बनवणं, मित्राला जोडणं, सगळं चालतं. घोळ होतो तो दोघांनी एकदम यादीला हात लावला की.

मागच्या ट्रेकला आम्ही चौघांनी सामानाची यादी मुद्दाम याच अ‍ॅपवर केली. तंबू, दोरी, बॅटरी वगैरे सतरा नोंदी. एकजण लिफ्टमध्ये होता, नेट नव्हतं, त्याने ‘बॅटरी’ टिक केली. तेवढ्यात मी घरून ‘दोरी’ टिक केली. तो बाहेर आला, रेंज मिळाली आणि माझ्या डोळ्यांदेखत दोरीची टिक गायब! तिसऱ्याला दोरी राहिलेली दिसली, त्यानेही घेतली. ट्रेकला दोन दोऱ्या गेल्या. जास्तीची मी वाहिली, कारण अ‍ॅप माझं.

रचना अशी आहे: एका यादीचं एक डॉक्युमेंट (डेटाबेसमधली एक नोंद), त्यात सगळी कामं एका अ‍ॅरेमध्ये, म्हणजे एका रांगेत. टिक केली की अख्खा अ‍ॅरे परत लिहितो. ट्रान्झॅक्शन (सर्व्हरवरचं ताजं वाचून मगच लिहिणं) लावून पाहिलं, पण नेट नसेल तर ते सरळ फेल होतं. अ‍ॅरेयुनियन या कमांडने अ‍ॅरेत नवी नोंद घालता येते, आतली बदलता येत नाही. सीआरडीटीबद्दल (वेगवेगळ्या फोनवरचे बदल आपोआप जुळवणारी डेटाची रचना) वाचलं, पण सतरा ओळींसाठी एवढा खटाटोप करायचा का?

दुसरं, आमंत्रणाची लिंक. जुन्या ट्युटोरियलमध्ये सगळीकडे फायरबेस डायनॅमिक लिंक्स (थेट अ‍ॅपमध्ये नेणारी लिंक बनवायची सेवा) आहे आणि ती सेवा तर २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद १
दुखणं त्या अ‍ॅरेचंच आहे. लिफ्टवाल्याच्या फोनने स्वतःकडची शिळी यादी वरून थापली, शेवटी लिहिलेलं टिकलं. सीआरडीटी राहू द्या. यादीच्या डॉक्युमेंटखाली सबकलेक्शन (डॉक्युमेंटांचा आतला गट) करा, प्रत्येक कामाचं स्वतंत्र डॉक्युमेंट, आणि टिक केली की फक्त तेवढंच फील्ड (रकाना) लिहा. मग बॅटरी आणि दोरीची गाठच पडत नाही. एकाच कामावर दोघे आले तर शेवटचा जिंकेल, टिकच्या बाबतीत तेवढं चालतं. क्रमासाठी प्रत्येक कामाला आकडा द्या. १ आणि २ च्या मध्ये सरकवलं की १.५, बाकीच्यांना हात लावायला नको.

सिक्युरिटी रूल्समध्ये (कोणी काय वाचायचं-लिहायचं ते ठरवणारे नियम) सदस्य तपासायला वरचं डॉक्युमेंट वाचावं लागेल आणि तेही वाचन मोजलं जातं. फुकटात दिवसाला ५०,००० वाचनं मिळतात, मित्रमंडळींना पुरून उरतील.

लिंकच्या मागे लागू नका. सहा अक्षरी कोड द्या, फोनवर तोंडीही सांगता येतो. एक-दोन दिवसांत बाद करा. रूल्समध्ये गेटची (एकच ठरावीक डॉक्युमेंट वाचायची) परवानगी ठेवा, लिस्टची (सगळी एकत्र वाचायची) नको, नाहीतर कोणीही सगळे कोड एकदम वाचेल. हे मी स्वतः विसरलो होतो, म्हणून सांगतोय.

मूळ प्रश्नकर्ता
रचना बदलली. दोन फोन घेतले, एकावर एअरप्लेन मोड, दहा वेळा करून पाहिलं, एकही टिक गेली नाही. कोडची सूचनाही पटली, तीच करतोय. पण आता भूत आलंय. एकाने काम डिलीट केलं आणि दुसऱ्याने नेट नसताना तेच टिक केलं, तर नेट आल्यावर यादीत एक ओळ उगवते: नाव नाही, नुसती टिक!

प्रतिसाद २
टिक लिहायला तुम्ही ‘सेट’ ही कमांड वापरून तिचा ‘मर्ज’ पर्याय ट्रू केलाय का? डॉक्युमेंट नसेल तर ते नवीन बनवतं, आणि त्यात तुम्ही लिहिलेलं एकच फील्ड असतं. तिथे ‘अपडेट’ कमांड वापरा. डॉक्युमेंट नसेल तर ते एरर देतं आणि टिक आपोआप मागे घेतली जाते. मी मात्र डिलीट करतच नाही, ‘काढलं’ असं फील्ड ठेवून ओळ लपवतो. चुकून काढलेलं परत आणता येतं.

मूळ प्रश्नकर्ता
हो, मर्ज ट्रूच होतं. अपडेट केलं, भूत गेलं. ‘काढलं’वालं फील्ड आज रात्री घालतो.