ऑफर स्वीकारून बसले आहे, आता नाही म्हणायचंय. कसं कळवू?

मीठभाकर: मंडळी, सल्ला हवाय. एका कंपनीचं ऑफर लेटर मी सही करून पाठवलं, सध्याच्या ठिकाणी राजीनामाही दिला. जॉइनिंग पुढच्या एक तारखेला. आणि ज्यांच्याकडून काही उत्तरच येत नव्हतं, त्या दुसऱ्या कंपनीची ऑफर आता आली. पगार जवळपास तेवढाच, पण काम मला कधीपासून करायचं होतं तेच. निर्णय झालाय, तो बदलणार नाही. पण पहिल्या ठिकाणच्या मॅनेजरने माझ्या सोयीसाठी रविवारी मुलाखत घेतली होती, त्याला तोंड कसं दाखवू? घरचे म्हणतात, आजारपण सांग आणि मोकळी हो. शिवाय तिथे माझं नाव मैत्रिणीने सुचवलं होतं.

खडूस_काका: जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसणारे महाभाग पाहिलेत. तू विचारतेयस तरी.

उलटतपासणी: मी टीमसाठी माणसं निवडतो, त्यामुळे पलीकडे काय होतं ते सांगतो. तुम्ही होकार दिलात की उरलेल्या उमेदवारांना नकार जायला लागतात. दोन नंबरवरचा माणूस थोडे दिवस हातात असतो, मग तोही कुठेतरी लागतो. तुम्ही आज कळवलंत तर मी त्याला संध्याकाळी फोन करू शकतो. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी कळवलंत तर सगळं पहिल्यापासून. राग नकाराचा कमी येतो, उशिराचा जास्त.

अर्थात, त्याआधी दुसरी ऑफर लेखी हातात घ्या. 'लेटर निघतंय' यावर विसंबू नका. बॅकग्राउंड चेकची (कागदपत्रं, जुनी नोकरी यांच्या पडताळणीची) अट बाकी असेल तर तेही विचारून घ्या.

मग थेट मॅनेजरला फोन. एचआरकडून कळलं तर त्याला जास्त लागेल. फार प्रस्तावना नको: 'सर, मी होकार दिला होता, पण मी जॉइन होणार नाहीये. मला हव्या त्या कामाची दुसरी संधी आली आणि मी ती घेतली. तुमची अडचण होणार हे कळतंय, म्हणून लगेच सांगतेय.' एवढं बोलून थांबा. पुढची शांतता जड जाते, ती भरायला जाऊ नका. माणूस तिथेच नको ते बोलून बसतो. 'पगार वाढवला तर?' असं आलं तर 'प्रश्न पगाराचा नाही' म्हणा, आणि कंपनीचं नाव सांगायलाच हवं असं नाही.

फोन ठेवल्याबरोबर मेल, एचआरला सीसीत घेऊन. चार ओळी पुरेत: अमुक तारखेची ऑफर स्वीकारली होती, ती मी मागे घेत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व, मुलाखतीसाठी दिलेल्या वेळेबद्दल आभार.

आजारपण मात्र नको. महिन्याभरात तुमच्या लिंक्डइनवर नवी कंपनी दिसेल, आणि ती पहिल्यांदा तोच मॅनेजर बघेल.

कलम_बहाद्दर: मेल पाठवण्याआधी ऑफर लेटर नीट वाच. जॉइन होण्याआधी माघार घेतली तर काय, यावर काही ठिकाणी कलम असतं. जॉइनिंग बोनस किंवा शिफ्टिंगचे पैसे आगाऊ घेतले असतील तर त्यांनी मागायची वाट न बघता परत करायची तयारी मेलमध्येच लिही. जबरदस्तीने कुणी कामावर बसवत नाही, पण पैशांचं कलम असेल तर मेलआधी एखाद्या वकिलाला दाखव. आणि मध्ये नोकरी जुळवून देणारा कन्सल्टंट असेल तर मॅनेजरपाठोपाठ त्यालाही फोन, नाहीतर तो दोन्हीकडून बोलणी खातो.

मीठभाकर: आगाऊ काही घेतलेलं नाही, कन्सल्टंटही नाही. लॅपटॉप मात्र त्यांनी कुरियरने पाठवलाय, परवा पोचेल. आणि मैत्रिणीला आधी सांगू की नंतर?

उलटतपासणी: मैत्रिणीला आधी, पण फोनच्या जेमतेम अर्धा तास आधी. फार आधी सांगितलंत तर तिला ऑफिसात तोंड बंद ठेवून बसावं लागेल. लॅपटॉप आला तर खोकं उघडू नका. परत कुठे आणि कुणाच्या नावाने पाठवायचा ते मेलमध्येच विचारा, कुरियरची पावती जपून ठेवा.

खडूस_काका: आणि फोन आजच. शुक्रवारी संध्याकाळी पाचला नको.